दुसऱ्या अल्बमचा आवाज बदलायचा कसा?

या वेळची बहुतेक पत्रं नागपूरहून, घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक पॉप करणाऱ्यांकडून आली आहेत. पहिल्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे. तो पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला आहे.

प्रश्न: पहिला अल्बम मी लॅपटॉपवर एकटीनेच केला. सगळी गाणी १२० ते १२४ बीपीएमची (मिनिटाला तेवढे ठोके), चार कॉर्डचं लूप, वर आवाज आणि भरपूर रिव्हर्ब (खोलीसारखी घुमणारी आस). आता दुसऱ्या अल्बमची पाच गाणी तयार आहेत, पण ऐकणारे म्हणून राहिले की ही तर पहिल्याच अल्बमची उरलेली गाणी आहेत. दोन नवे सिंथ (सिंथेसायझर) विकत घेतले, तरी फरक पडला नाही. या वेळी तानपुरा, ढोलकी आणि डफ आणायचा विचार आहे. माझी पट्टी काळी चार. नेमकं काय बदलू? (धरमपेठ)

उत्तर: सिंथ बदलले, पण गाणं बांधायचा क्रम तोच राहिला. आधी किक (ड्रमचा खालचा ठोका), मग चार कॉर्ड, मग त्यावर चाल. या क्रमाने गेलात की चाल त्या चार कॉर्डच्या चौकटीतच फिरते आणि प्रत्येक ओळ चौथ्या बारला संपते. ऐकणाऱ्याला सिंथचं नाव कळत नाही. गाणं कुठे वळतं, ठोका कुठे पडतो आणि आवाज किती लांबून येतो, हे मात्र त्याला लगेच कळतं.

म्हणून क्रम उलटा करा. पुढच्या गाण्याची सुरुवात गळ्यापासून होऊ द्या. क्लिक (तालाची टिकटिक) बंद, कानात फक्त काळी चारचा तानपुरा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वात मोठा स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन ठेवा. मनासारखा टेक मिळाला की प्रत्येक ओळीच्या पहिल्या ठोक्यावर खूण करून त्यावरून टेम्पो मॅप बनवा. वेग थोडा वरखाली होईल, समजा ८४ ते ९० च्या दरम्यान. निदान दोन गाण्यांत तो तसाच राहू द्या. यंत्राने गळ्यामागे चालायचं, ही एक अट पाळली तरी निम्मं काम होतं.

आता तानपुरा. घोटाळा नेहमी इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर. काळी चार म्हणजे जी शार्प. तुमचा मध्य सप्तकातला सा २०७.६५ हर्ट्झ. तानपुरा नीट लागला की त्यातून स्वयंभू गांधार, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा ग, ऐकू येतो. तो १०३८ हर्ट्झच्या आसपास असतो. सिंथवर तुम्ही शुद्ध गांधार धरलात की त्याचा चौथा उपस्वर, म्हणजे चौपट कंपनांचा स्वर, येतो १०४६.५ हर्ट्झला. दोन्हींत आठ हर्ट्झचा फरक, म्हणजे सेकंदाला आठ वेळा थरथर. तुम्हाला वाटतं पॅडचा (सिंथच्या लांब धरलेल्या स्वरांचा) आवाज चांगला नाही, म्हणून फिल्टर लावता, प्रीसेट बदलता, आणि थरथर तशीच राहते. दोष सुरांच्या जागांत आहे. सिंथची सप्तकातली बारा पावलं सारखी कापलेली असतात, तानपुऱ्याची नसतात. सिंथच्या दोन लगतच्या स्वरांमध्ये १०० सेंट धरले, तर तानपुऱ्याशी जुळायला शुद्ध गांधार १४ सेंट खाली हवा, शुद्ध धैवत १६ खाली, शुद्ध निषाद १२ खाली आणि कोमल गांधार १६ वर. पंचमात फरक जेमतेम दोनचा, म्हणून सा-पची जोडी कुठल्याही सिंथवर बिनधास्त चालते.

हे करायला पैसे लागत नाहीत. सर्ज एक्सटी हा फुकट मिळणारा सिंथ स्काला फाइल, म्हणजे सुरांच्या जागा लिहिलेली फाइल, वाचतो. एबलटन लाइव्ह या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या १२ व्या आवृत्तीत सुरांची व्यवस्था संपूर्ण प्रोजेक्टला लावता येते. सुरांची फाइल चढवल्यावर तिचा पाया मात्र बदलायला विसरू नका. तो आपोआप सी वर, म्हणजे पांढरी एकवर असतो. तुम्हाला मिडी नोट (सॉफ्टवेअरमधला स्वराचा क्रमांक) ५६ वर सा आणि तिथे २०७.६५ हर्ट्झ हवेत. पाया सी वरच राहिला तर सगळे स्वर चुकीच्या दिशेने सरकतात आणि आधीपेक्षा बेसूर वाटतं. पिच करेक्शन (सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) लावत असाल तर तेही तपासा. बारा सारख्या स्वरांवर ठेवलेलं करेक्शन तुमचा बरोबर लागलेला गांधार १४ सेंट वर ओढतं आणि मींडेचे तुकडे करतं. या अल्बमपुरतं ते बंदच ठेवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कॉर्ड पूर्ण सोडायला नकोत. सा-प आणि सा-म एवढ्यावर ओळ धरा, हालचाल बेसला करू द्या. याच्या उलटा रस्ताही आपल्याकडे फार आधी वापरला गेला आहे. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडच्या टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ बेस सिंथ आणि ज्युपिटर-८ सिंथवर डिस्कोच्या ठोक्यात राग वाजवले. तिथे राग यंत्राच्या स्वरांत बसवला होता. तुमच्याकडे गळा आहे, तेव्हा यंत्राला रागाकडे आणणं जास्त फळेल.

ढोलकीच्या दोन्ही पुड्यांना वेगळा माइक द्या, साधारण २० ते २५ सेंटिमीटरवरून. मग एका माइकची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटी करून ऐका. ज्या स्थितीत खालचा आवाज भरदार येतो ती ठेवा. उजवी पुडी तुमच्या सा मध्ये लावून घ्या, नाहीतर ती दर ठोक्याला तानपुऱ्याशी भांडेल. डफाचं कातडं पावसाळ्यात सैल पडतं आणि शेकून ताणलेला सूर थोड्या वेळात उतरतो. त्यामुळे एका गाण्याचे सगळे ठोके एकाच बैठकीत घ्या आणि दर टेकनंतर सूर तपासा. प्रत्येक बोल हळू ते जोरात असा सहा-आठ वेळा वाजवून घ्या. एकच नमुना लावून लावून वाजवला की कान दुसऱ्या ओळीतच कंटाळतो. क्वांटाइझ (ठोके मोजून जागेवर सरकवणं) शंभर टक्के करू नका, ५० ते ६० पुरे.

८०८ ची लांब किक आणि ढोलकीची डावी पुडी एकाच जागेत घुसतात, साधारण ६० ते ११० हर्ट्झमध्ये. दोघांपैकी एकाला मालकी द्या. किकला देणार असाल तर ती ५२ हर्ट्झला, म्हणजे तुमच्या सा च्या दोन सप्तक खाली लावा आणि ढोलकी १२० हर्ट्झच्या खाली कापा. फोनच्या स्पीकरवर ५२ हर्ट्झ मुळीच ऐकू येत नाही, म्हणून किकला थोडं सॅच्युरेशन (हलकी खरखर) द्या. त्याने १०४ आणि १५६ हर्ट्झचे उपस्वर उभे राहतात आणि कान त्यावरून खालचा स्वर ओळखतो.

शेवटचा बदल सर्वात धाडसाचा आहे: रिव्हर्ब काढा. तीन-चार सेकंदांच्या रिव्हर्बमध्ये मराठीतले च, ठ, ळ, ण विरघळून जातात आणि ओळ कुठल्याही भाषेतली वाटते. आवाज जवळजवळ कोरडा ठेवा. हवं तर १०० मिलिसेकंदांचा एकच डिले द्या, किंवा ०.६ सेकंदाची छोटी खोली आणि आधी ३० मिलिसेकंदांची फट. लांब रिव्हर्ब फक्त ओळीच्या शेवटच्या अक्षरावर, ऑटोमेशनने. सुरुवातीला उघडं-उघडं वाटेल. आठवडाभर तसंच ऐका. कोरडा आवाज आधी गाणारीला खुपतो, ऐकणाऱ्याला तो जवळचा वाटतो.

दुसऱ्या अल्बमवर चेहरामोहरा बदलणाऱ्यांत इंग्लंडची गोल्डफ्रॅप ही जोडी पाहण्यासारखी आहे. २००० सालचा पहिला अल्बम संथ, तंतुवाद्यांनी भरलेला. २००३ सालचा दुसरा खरखरीत सिंथ आणि घट्ट ड्रमचा. तरी अ‍ॅलिसन गोल्डफ्रॅपचा गळा पहिल्या ओळीतच ओळखू येतो. तुमच्या बाबतीतही गळा, उच्चार आणि पट्टी यांना हात लावू नका. बाकी सगळं बदलायला मोकळं आहे.

आणि त्या पाच गाण्यांचं काय? चाल आणि शब्द ठेवा, बाकी ट्रॅक बंद करून तानपुऱ्यावर गाऊन पाहा. जी चाल कॉर्डशिवाय उभी राहत नाही, ती खरोखरच पहिल्या अल्बमची आहे. उरलेल्यांपैकी दोन आधी पूर्ण करा, मिक्ससकट, मगच तिसऱ्याला हात घाला. पाचही एकदम अर्धवट ठेवलीत की जुन्या सवयी प्रत्येकात परत शिरतात.

प्रश्न: मे महिन्यात घरी गाणं रेकॉर्ड करणं अशक्य झालंय. कूलर लावला तर घरघर, बंद केला तर दहा मिनिटांत घामाघूम. शिवाय रेकॉर्डिंगमध्ये बारीक गुणगुण आणि अधूनमधून तडतड येते. (मानेवाडा)

उत्तर: रात्री अकरानंतर बसा. पहाट टाळा, कारण त्या दिवसांत कोकीळ पहाटेपासूनच सुरू होते आणि तिचा आवाज नेमका गळ्याच्या उपस्वरांत बसतो, तो कुठल्याही फिल्टरने निघत नाही. खोली आधी तासभर गार करून घ्या, टेकपुरता कूलर बंद ठेवा, आठ-दहा मिनिटांनी परत लावा. कापसाची जाड गादी गाणाऱ्याच्या पाठीमागे उभी करा. बहुतेक जण ती माइकच्या मागे लावतात, पण माइक समोरचं ऐकतो, म्हणजे तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज त्याच्यात जास्त जातो.

तडतड बहुधा कूलरच्याच दमट हवेची आहे. कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलला ओल लागली की तो असाच तडकतो. काम झालं की माइक स्टँडवर ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. टेक चालू असताना मात्र सतत टिकटिक येत असेल तर तो लॅपटॉप आहे. उन्हाळ्यात तापला की प्रोसेसर वेग कमी करतो आणि बफर (आवाज साठवून ठेवायची जागा) अपुरा पडतो. जड ट्रॅक फ्रीझ करा (तयार आवाजात बदलून ठेवा), आणि मिक्स करताना बफर १२८ वरून ५१२ वर न्या.

गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झची असेल. चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गेली, तर अर्थिंगचा प्रश्न आहे. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या आणि बॅलन्स्ड केबल वापरा. प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात शॉक बसून जीव जाऊ शकतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काम करत असाल तर तो साइन वेव्हचा आहे ना, तेही बघा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर वेगळीच कर्कश भणभण येते.

प्रश्न: खडी गंमतीच्या (विदर्भातल्या लोकनाट्याच्या) १९७५ च्या एका जुन्या रेकॉर्डमधले चार सेकंद वापरायचे आहेत. लोकसंगीत आहे, तेव्हा परवानगी कशाला? आणि मारबतीच्या (मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीचा आवाज रस्त्यावर घेतला तर चालेल का? (महाल)

उत्तर: चाल परंपरेची असली तरी रेकॉर्ड कोणाची तरी आहे. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे १९७५ ची रेकॉर्ड २०३५ च्या अखेरपर्यंत बांधलेली आहे. शब्द एखाद्या शाहिराने लिहिलेले असतील तर त्यांचा हक्क वेगळा, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आणि 'चार सेकंद चालतात' असा कुठलाही नियम नाही.

त्यापेक्षा खडी गंमत करणाऱ्या मंडळींना बोलावून तोच ढंग नव्याने रेकॉर्ड करा. एक पानाचा करार मराठीत लिहा: मानधन किती, नाव कुठे येणार, पुढच्या उत्पन्नात वाटा किती, आणि तुकडे करून वापरायची परवानगी आहे की नाही. हे शेवटचं कलम लोक विसरतात, आणि सॅम्पलिंगमध्ये तेच लागतं. आवाजही तुम्हाला जास्त स्वच्छ मिळेल, प्रत्येक वाद्य वेगळं.

मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते. गर्दीचा गजर, घोषणा जरूर घ्या, फक्त डीजेच्या गाडीपासून लांब उभे राहा. मागे सिनेमाचं गाणं वाजत असेल तर गाणं अपलोड करताच ते स्वयंचलित तपासणीत पकडलं जातं, तुमच्या मिक्समध्ये ते कितीही दबलेलं असो.

प्रश्न: मास्टर (गाण्याची अंतिम प्रत) किती जोरात ठेवू? (सदर)

उत्तर: स्पॉटिफाय उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास आणतं, ॲपल म्युझिक उणे १६. त्याहून जोरात दिलं तर ते खाली आणतात आणि लिमिटरने चेपलेल्या ठोक्यांचं नुकसान तेवढं उरतं. ढोलकी-डफ असलेल्या गाण्याला उणे १३-१४ पुरे. ट्रू पीक (आवाजाचं सर्वात उंच टोक) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

प्रश्न: नवी गाणी ८८ च्या वेगाची, जुनी १२२ ची. एकाच कार्यक्रमात कशी बसवू? (रामदासपेठ)

उत्तर: एक आड एक लावू नका. आधी नवी चार-पाच सलग, मग जुनी. मधल्या सांध्यावर ठोका पूर्ण थांबवून २० ते ३० सेकंद नुसता तानपुरा ठेवा. सगळी गाणी एकाच पट्टीत असतील तर तो दोन्हीकडे बसतो. एखाद्या जुन्या गाण्याचे कॉर्ड काढून ते नव्या ढोलकीवर बसवलंत तर तेच पूल म्हणून वापरता येईल. पण लोकांचं सर्वात आवडतं जुनं गाणं आहे तसंच ठेवा.

सभागृहात पोचल्यावर आधी मोनोत ऐका. बऱ्याच ठिकाणी डावा-उजवा एकत्र करूनच सोडतात, आणि रुंद पसरवलेले पॅड मोनोत गायब होतात. लॅपटॉपपासून मिक्सरपर्यंत डीआय बॉक्स (सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी छोटी पेटी) स्वतःचा न्या. पूर्ण सेटचा एक बॅकिंग ट्रॅक फोनमध्ये, विमान मोड चालू करून, तयार ठेवा.