पहिल्यांदा गूजच्या (रानहंसांच्या) शिकारीला निघताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. बंदूक कोणती घेऊ, असं तू विचारलंस. त्याआधी आदल्या संध्याकाळचं बोलू, कारण सकाळ बरीचशी तिथेच ठरते. मक्याच्या काढणी झालेल्या रानात कॅनडा गूजचे थवे नेमके कुठे चरतात, ते दुर्बिणीतून पाहून ठेवा. नुसतं शेत कळून भागत नाही, जागा कळायला हवी. दोनशे यार्ड बाजूला नकली पक्ष्यांची मांड मांडली, तर पक्षी डोक्यावरून सरळ कालच्या जागी जातात. शेतमालकाची परवानगीही त्याच संध्याकाळी घ्या. पक्षी यावेत म्हणून कुणी रानात मुद्दाम दाणे टाकले असतील, तर तिथे शिकार करणं अमेरिकेत गुन्हा आहे.

पहाटे आधी वारा बघा. गूज वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, म्हणून तुमची पाठ वाऱ्याला हवी. तीन-चार डझन डिकॉय, म्हणजे ते नकली पक्षी, पुरतात. ते इंग्रजी यू अक्षरासारखे मांडा, उघडी बाजू वारा जातो तिकडे ठेवा आणि मध्ये पंधरा-वीस यार्ड मोकळी जागा सोडा. दोन डिकॉयमध्ये दोन-तीन पावलांचं अंतर असू द्या. दाटीवाटी केलेला थवा घाबरलेला दिसतो. मान ताठ केलेले थोडे, चरणारे जास्त. दव किंवा हिमकण धरले की प्लास्टिक चकाकतं आणि पक्षी लांबूनच वळतात, म्हणून फडकं जवळ ठेवा. लपायच्या ब्लाइंडवर (आडोशावर) त्याच शेतातली धसकटं खोवा, दुसरीकडचं गवत नको. थवा डोक्यावर घिरट्या घालत असताना वर पाहू नकोस. उजळलेला चेहरा त्यांना लगेच दिसतो. थवा लांब असेल तेव्हा पंख फडफडल्यासारखी झेंडी हलवा आणि शिट्टीने गूजचा आवाज द्या. पंख ताणून उतरू लागला की दोन्ही थांबवा. नवखे लोक नेमके तेव्हाच जास्त वाजवतात.

आता बंदूक. बारा बोअरची शॉटगन, मॉडिफाइड चोक (नळीचं तोंड मध्यम अरुंद करणारा भाग), तीन इंची काडतूस, बीबी किंवा दोन नंबर आकाराचे पोलादी छर्रे. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे अमेरिकेत 1991 पासून देशभर बंद आहेत. नेहमीच्या हंगामात बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं बसता कामा नयेत, म्हणून काडतुसं भरायच्या मॅगझिनमध्ये प्लग (जास्त काडतुसं बसू न देणारा अडसर) आहे ना, ते घरीच तपास. सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला राज्याच्या परवान्यासोबत फेडरल डक स्टॅम्पही (केंद्र सरकारचा पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठीचा स्टॅम्प) लागतो. गोळी झाडण्याची वेळ साधारणपणे सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सुरू होते. राज्याचा तक्ता पाहून घे.

मित्रांसोबत सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. बसण्यापूर्वीच प्रत्येकाचा पट्टा ठरवा. टोकाला बसलेल्याने आपल्या बाजूचे पक्षी घ्यायचे, मधल्याने समोरचे. शेजाऱ्याच्या डोक्यावरून नळी कधीही फिरवायची नाही, पक्षी निसटला तरी चालेल. ‘मारा’ म्हणणारा एकच जण असावा. सगळे जागेवर बसेपर्यंत काडतूस भरू नका, आणि कुणी किंवा कुत्रा बाहेर असेल तर सगळ्यांच्या नळ्या रिकाम्या. दमलेल्या, थंडीने बधिर झालेल्या हातांनी चाप नकळत ओढला जातो. पातळ हातमोजे घाल.

पस्तीस यार्डांच्या आत आल्यावरच मार. गूज मोठा असल्यामुळे संथ उडतोय असं वाटतं, म्हणून छर्रे शेपटीमागे जातात. एकच पक्षी निवड, डोक्यावर नजर ठेव आणि नळी चालती ठेवूनच चाप ओढ. थव्यात अंदाजाने झाडलेली गोळी पक्ष्याला फक्त जखमी करते, आणि जखमी पक्षी शोधणं ही तुमची जबाबदारी आहे. तो पडलेली जागा डोळ्यांनी धरून ठेव, लगेच जा, दुसऱ्या थव्याची वाट पाहू नकोस.

पक्षी घरी नेताना डोकं किंवा एक पूर्ण पंख पिसांसकट राहू दे. ओळख पटण्यासाठी तो नियम आहे. पायात संशोधकांनी घातलेली कडी असेल तर तिचा क्रमांक पक्ष्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याला कळव. साफ करताना रबरी हातमोजे घाल, आणि मांस तासाभरात थंड होईल असं बघ.

तुझा,
काका