विमानाचं सोड, टॅक्सीचं बोल

‘ताई, आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. लेक साडेचार महिन्यांची आहे. तिला घेऊन डिसेंबरात पुण्याला यायचं ठरतंय, तोवर तिला सहा महिने पूर्ण होतील. नवऱ्याला रजा उशिरा मिळणार, म्हणून येताना मी एकटीच. विमानात ती रडत सुटली तर? कान दुखतात म्हणतात ते खरं का? सासूबाई म्हणतात, जायफळाचे दोन वेढे उगाळून दे, मुंबईपर्यंत झोपेल. आई म्हणते, वर्षाची होईपर्यंत आणूच नकोस. मुंबईहून पुण्याला यायला सासरे रात्री टॅक्सी घेऊन येणार आहेत, त्यामुळे तो काही प्रश्न नाही. बाकीचं तेवढं सांगा.’

अगं, ‘तो काही प्रश्न नाही’ इथेच मी अडले. पण आधी विमानाचं उरकून घेऊ, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

आईला सांग, सहा-सात महिन्यांचं बाळ विमानात न्यायला त्यातल्या त्यात सोपं. मान धरलेली असते, रांगत सुटत नाही, भूक लागली की दूध तुझ्याजवळच. पाय फुटलेल्या वर्षाच्या मुलाला पंधरा तास मांडीवर बसवून दाखव म्हणावं! अगदी ओलं बाळ असतं तर मीही नको म्हटलं असतं. सात दिवसांच्या आतलं बाळ तर बऱ्याच विमान कंपन्या घेतच नाहीत, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. तुझ्या लेकीचं तसं काही नाही. फक्त गोवराचा विषय तिच्या डॉक्टरांकडे आठवणीने काढ. अमेरिकेत एमएमआरची, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची, लस एरवी वर्षानंतर देतात, पण परदेशी निघालेल्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक डोस आधी द्यावा, अशी तिथल्या आरोग्य खात्याचीच शिफारस आहे. निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी तो झालेला बरा. हा डोस पुढच्या हिशेबात धरत नाहीत, वर्षानंतरचे दोन घ्यावेच लागतात.

आता कान. विमान दहा-अकरा हजार मीटरवरून उडतं, पण आतल्या हवेचा दाब असा ठेवतात की शरीराला आपण १८०० ते २४०० मीटर उंचीवर आहोत असं वाटावं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे तुझी लेक उष्टावणाआधीच कळसूबाईहून उंच जाऊन येणार. वर जाताना फारसा त्रास होत नाही, कानातली हवा सहज बाहेर पडते. उतरताना ती परत आत जायला कान आणि घसा यांना जोडणारी नळी उघडावी लागते, आणि लहान बाळाची ती अरुंद असते. घोट गिळला की उघडते. म्हणून उतरताना पाजायचं, हे सगळेच सांगतात. वेळ मात्र सगळ्यांची चुकते. बाळ कुरकुरलं की तासभर आधीच पोटभर पाजून ठेवतात आणि विमान खाली यायला लागलं की ते तोंड फिरवतं. विमान टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधीपासून खाली यायला लागतं. तेवढी भूक राखून ठेव. नाहीच प्यायली आणि रडली, तरी घाबरू नकोस. रडतानाही ती नळी उघडते. सर्दी झालेली असेल तर निघण्याआधी कान तेवढे दाखवून घे.

जायफळ अजिबात नको. सासूबाईंनी त्यांच्या मुलांना दिलं असेल, माझ्या आजीनेही आम्हाला दिलंय. पण सहाणेवरचा वेढा म्हणजे काही चमच्याचं माप नव्हे. जायफळ किती ताजं, हात किती जड, सहाण किती खरखरीत, यावर किती पोटात गेलं ते ठरतं, आणि जास्त झालं तर जायफळ विषारीच आहे. झोपेची किंवा सर्दीची औषधंही त्यासाठी देऊ नकोस. काही बाळं त्याने झोपण्याऐवजी उलट चेकाळतात, आणि मग पंधरा तास तुझेच आहेत. गुटी मधातून चाटवायची पद्धत आहे, तीही वर्ष होईपर्यंत बंद. मधातल्या जंतूंमुळे एवढ्या लहान बाळाला बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. सासूबाईंशी यावरून वाद घालू नकोस. ‘डॉक्टर नको म्हणाले’ एवढं पुरतं. पुण्यात हे वाक्य अजून चालतं.

जागेचं सांगते. बाळ मांडीवर बसणार असलं तरी त्याचं तिकीट लागतंच, आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारण मोठ्याच्या भाड्याच्या दहा टक्के. तिकीट काढलंस की त्याच दिवशी फोन करून बॅसिनेटची, म्हणजे समोरच्या भिंतीला अडकवतात त्या बाळाच्या पाळण्याची, जागा माग. ती भिंतीसमोरची रांग असते, तीन-चारच जागा, आणि बाळाच्या वजनाला मर्यादा असते. प्रत्येक कंपनीची वेगळी, तेव्हा विचारून घे. एक लक्षात ठेव: हादरे बसायला लागून पट्ट्याचा दिवा लागला की बहुतेक विमानांत बाळाला बॅसिनेटमधून उचलून घ्यावं लागतं. नुकतंच झोपवलेलं असतं, तेव्हाच दिवा लागतो. याला इलाज नाही. बाळाचं दूध, फॉर्म्युला यांना हातातल्या सामानातल्या द्रवाचा १०० मिलीलीटरचा नियम लागत नाही, फक्त तपासणीच्या रांगेत ते आधी काढून दाखव.

डायपर, झबली, दुपटी तू घेशीलच. माझी चूक करू नकोस. मी लेकीचे पाच जोड घेतले होते आणि स्वतःचा एकही नाही. मुंबई तासावर असताना ती जे काय प्यायली होती ते सगळं तिने माझ्या कुर्त्यावर काढलं. कागदी रुमालाने पुसलं की ते अजून पसरतं. बाहेर सासू-सासरे, दोन चुलत दीर आणि झेंडूचा हार; मी आंबट दुधाच्या वासाने घमघमत वाकून नमस्कार करतेय. तेव्हा स्वतःचा एक कुर्ता हाताशी ठेव. आणि एका छोट्या पिशवीत एक डायपर, चार ओले रुमाल, एक झबलं एवढंच वेगळं काढून ठेव. विमानातल्या संडासात बाळ बदलायची घडीची फळी कमोडच्या वर असते. तिथे मोठी बॅग उघडायला तिसरा हात लागतो.

कागदपत्रांत उशीर करू नकोस. लेकीचा अमेरिकन पासपोर्ट काढायला तुम्हा दोघांनाही तिला घेऊन हजर राहावं लागेल. ओसीआय कार्डाला (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला व्हिसाशिवाय येता येतं ते) आठवडे लागतात. वेळेत होईल असं वाटत नसेल तर आत्ता ई-व्हिसा काढ, ओसीआयचं परतल्यावर बघता येईल. एकटी येतेयस, म्हणून नवऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ असू दे. शंभरात नव्याण्णव वेळा कोणी विचारत नाही. तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव हवं. हे सांगायला हवं, कारण तिकडे हॉस्पिटलातच नाव लिहून मागतात, आपल्याकडे बारशाला आत्या वेगळंच ठेवते, आणि मग घरी एक, कागदावर एक. पासपोर्टचा फोटो काढताना गालावरची तीट पुसून घे. आमचा एक फोटो तिच्यापायी परत आला होता.

आता टॅक्सी.

२००६ सालची गोष्ट. लेक आठ महिन्यांची, आम्ही मुंबईहून पुण्याला येत होतो, पहाटेचे तीन वाजलेले. तिकडे परदेशात तिला कारसीटशिवाय, म्हणजे गाडीत बाळाला पट्ट्यांनी बांधून बसवायच्या खुर्चीशिवाय, कोपऱ्यावरच्या दुकानातही नेत नव्हते. इथे आल्याबरोबर मांडीवर घेतली, कारण इथे सगळे तसंच घेतात. खंडाळ्याचा घाट चढताना, अमृतांजन पुलाच्या अलीकडे (तो पूल तेव्हा होता, १८३० सालचा, २०२० मध्ये पाडला) डावीकडून रांगत जाणारा एक ट्रक पुढच्या ट्रकला ओलांडायला आमच्यासमोर आला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. धडक झाली नाही, कुणाला खरचटलंही नाही. पण लेक माझ्या हातांतून निसटून पुढच्या सीटच्या पाठीवर आदळली आणि माझ्या हातात फक्त दुपटं राहिलं. ती दोन मिनिटं रडून झोपली. मी तळेगावच्या टोलनाक्यापर्यंत थरथरत होते.

आपण घट्ट धरू, असं प्रत्येक आईला वाटतं. हिशेब करून बघ. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर सात किलोचं बाळ तुझ्या हातांना शंभर किलोच्या पोत्यासारखं लागतं. एक्स्प्रेस-वेवर गाड्या शंभराने जातात. कायदाही आहे: मोटार वाहन कायद्यात २०१९ साली केलेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल, तर चालकाला हजार रुपये दंड. मला आजवर कोणी विचारलेलं नाही. तुलाही विचारणार नाहीत.

तेव्हा कारसीट घेऊनच ये. बऱ्याच कंपन्या ती बाळाच्या सामानात फुकट नेतात. आता बारकावा ऐक. तिकडे तुमच्या गाडीत तिचा बेस, म्हणजे ती अडकवायची खालची बैठक, कायमचा बसवलेला असेल, तो इथे आणायची गरज नाही. पण नुसत्या पट्ट्याने सीट बसवायचा सराव घरी दोन-तीनदा कर. अमेरिकेतल्या गाड्यांत मागचा पट्टा पूर्ण ओढून सोडला की तो अडकून घट्ट राहतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तो तसा अडकत नाही, झटका बसला तरच अडकतो. म्हणून तुझ्या सीटलाच पट्टा आवळून धरणारी पकड आहे का, नसेल तर क्लिप वापरायची का, हे तिच्या पुस्तिकेत आत्ताच बघून ठेव. मध्यरात्री सहार विमानतळाच्या पार्किंगमध्ये, मागून हॉर्न वाजत असताना, ते वाचता येत नाही.

दुसरी अडचण इथली. टॅक्सीच्या मागच्या सीटवर चढवलेलं कव्हर असतं आणि पट्टा अडकवायचं बक्कल त्याच्याखाली गाडलेलं असतं. ड्रायव्हरला ते आदल्या दिवशी वर काढून ठेवायला सांगावं लागतं. ‘हो हो, आहे ना मॅडम’ या उत्तरावर जाऊ नका, सासऱ्यांना हात घालून बघायला सांग. सीट मागेच लावायची, बाळाचं तोंड मागे. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर कधीच नाही. सासूबाईही आल्या तर लेकीशेजारी बसतील, तिचं बोट धरतील. वाटेत रडली तर चालत्या गाडीत काढून पाजायला घेऊ नका. खालापूरच्या फूड मॉलला थांबा, पाजा, पाच मिनिटं मोकळी ठेवा, पुन्हा बांधा. घरी पोचायला पंधरा मिनिटं उशीर होईल.

माझं मत विचारशील तर त्या रात्री निघूच नका. विमान मध्यरात्री टेकणार, सामान येईपर्यंत दोन वाजणार, आणि ज्या ड्रायव्हरने संध्याकाळी पुण्याहून गाडी काढलीय तोच पहाटे घाट चढणार. विमानतळाजवळ एक खोली घ्या, झोपा, उजाडल्यावर निघा. ‘घर असताना हॉटेल कशाला’ हे तुला ऐकावं लागेल. ऐकून घे. दिल्लीवरून येऊन पुढे पुण्याचं विमान घेतलंस तर घाटच टळतो. पण मग दिल्लीत इमिग्रेशन, सामान उचलणं, कस्टम्स, पुन्हा सामान देणं, हे सगळं बाळ कडेवर घेऊन एकटीने करायचं. मी ते एकदा केलंय, परत करणार नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर बाहेरदेशातून थेट येणारी विमानं मोजकीच आहेत, तुझ्या वाटेवर त्यातलं एखादं असलं तर नशीब.

पुण्यात पोचल्यावर पहिले चार-पाच दिवस लेक रात्री दोनला टक्क जागी असेल. डिसेंबरात तुमच्याकडच्या आणि आपल्या घड्याळात साडेदहा तासांचा फरक असतो. सकाळचं ऊन अंगावर येऊ दे, दिवसा फार वेळ झोपू देऊ नकोस, बाकी आपोआप बसतं. तोपर्यंत रात्रपाळी आजोबांना दे. ते तसेही दुधाच्या पिशव्या यायच्या आधी उठलेले असतात. सोसायटीतल्या बायकांना आठवडाभराने बोलवा.

आणि उष्टावण. मुलगी म्हणजे विषम महिना, हे सासूबाई सांगतीलच. पाचवा हुकला म्हणून हळहळू नका. डॉक्टरही सहा महिने पुरे झाल्यावरच वरचं अन्न सुरू करायला सांगतात, म्हणजे सातवा महिना पंचांगालाही चालतो आणि त्यांनाही. चांदीची वाटी, मामाची मांडी, बोटभर खीर.

आज मात्र एक फोन कर. सासऱ्यांना विचार, ठरवलेली गाडी सीएनजीवर आहे का. असली तर डिकीत सिलिंडर असेल, तुझ्या दोन मोठ्या बॅगा त्यात मावणार नाहीत, आणि मग त्या मागच्या सीटवर येतील, जिथे कारसीट लावायची आहे. मोठी गाडी सांगा, वर कॅरियर असलेली.