म्युकरमायकोसिस आणि मोकळं नाक

प्रश्न आलाय की म्युकरमायकोसिस म्हणजे काळी बुरशीच ना, आणि त्यातलं म्युकर म्हणजे काय.

आधी एक, या रोगाला म्युकरमायसिन म्हणणं बंद करा प्लीज. मायसिन औषधांच्या नावाला लागतं, स्ट्रेप्टोमायसिन वगैरे, म्हणजे तुम्ही रोगालाच औषध करून टाकलंत! आणि 'काळी बुरशी' हे २०२१ मध्ये बातम्यांनी आपल्या गळ्यात मारलेलं नाव. ही बुरशी रक्तवाहिन्यांत घुसते, रक्त पोचेनासं होतं, मग तिथलं मांस मरतं आणि काळं पडतं, म्हणून ते नाव. पावावर येणाऱ्या राइझोपस बुरशीचे ठिपके काळे दिसतात हे कबूल (आणि हा रोग बहुतेकदा म्युकर नावाच्या बुरशीपेक्षा राइझोपसमुळेच होतो, ते असो) पण ज्यांना खरंच काळ्या बुरश्या म्हणतात तो गट वेगळा, त्यांचे रोग वेगळे.

आता खरी गंमत. म्युकर हा लॅटिन शब्द, अर्थ बुरशी, म्यूकस म्हणजे शेंबूड त्याचाच भाऊ. मायकोसिसमधला मायकेस ग्रीक, अर्थ अळंबी, पुढे सगळीच कवकं. म्हणजे झालं काय, बुरशी-बुरशी-रोग! १८८५ मध्ये पाल्टाउफ नावाच्या डॉक्टरने 'मायकोसिस म्युकोरिना' लिहिलं तेव्हापासून ही जोडी एकत्र नांदतेय.

आणि दोन्हींचं मूळ बहुधा एकच, बुळबुळीत, निसटणारं असं काहीतरी. तोच धातू संस्कृतात मुच्, मुंचति, म्हणजे सोडणं, सुटणं. मुक्त, मोक्ष, मोचन सगळे त्यातले. म्हणजे मोक्ष आणि शेंबूड चुलतभाऊ, नाक मुरडू नका. काही कोशकार मायकेसला या घरात घेत नाहीत, म्हणे तो ग्रीकपूर्व, म्हणजे ग्रीकच्या आधी तिथे असलेल्या भाषेतला शब्द. व्युत्पत्ती लागली नाही की ग्रीकपूर्व म्हणून हात झटकायचे, मला तरी ही पळवाट वाटते. मग ग्रीकमध्ये नाकपुडीला मिक्टेर म्हणतात त्याचं काय करणार? आणि लॅटिनमध्ये नाक शिंकरणं म्हणजे एमुंगेरे, तेही मुंचतिचंच भावंड, इथे तर कोशकारांचीही फारशी कुरकुर नाही.

आपण तरी वेगळं काय करतो? मुक्तपासून प्राकृतात मुक्कल, त्यातून आपलं मोकळं, आणि सर्दीत शिंकरून झालं की म्हणतो, नाक मोकळं झालं.