इमारत क्लस्टरमध्ये आहे, मग ऑडिट कशाला? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेली सत्तावीस वर्षं मी ठाणे आणि नवी मुंबईतल्या इमारती तपासते आहे. समूह विकास म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘क्लस्टर’, झोपडपट्टी पुनर्वसन, नगरोत्थान, अमृत ही नावं आता सगळ्यांना पाठ आहेत. पण कोणत्या योजनेतून काय मिळतं आणि कशाची वाट बघण्यात अर्थ नाही, याबद्दलचा गोंधळ दर मे महिन्यात जवळपास त्याच शब्दांत माझ्याकडे येतो. म्हणून या वेळी आलेल्या प्रश्नांतले काही एकत्र घेतले आहेत.

आमची सोसायटी ३२ वर्षांची आहे. एकही तडा दिसत नाही. तरी स्ट्रक्चरल ऑडिट करायलाच हवं का? (वर्तकनगर)

हो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षं झालेल्या प्रत्येक इमारतीला ते सक्तीचं आहे. तडा दिसतो की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. महापालिकेच्या यादीतला नोंदणीकृत अभियंता नेमा.

आमची इमारत किसननगरच्या क्लस्टरमध्ये जाणार आहे. कमिटी म्हणते, पाडणारच आहेत तर ऑडिट आणि दुरुस्तीवर पैसे कशाला घालायचे? दोन मजल्यांवर जिन्याच्या बीमचं प्लास्टर पडून सळ्या दिसत आहेत. (किसननगर)

हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला किमान चाळीस जणांनी विचारला असेल. तेव्हा याचं उत्तर जरा विस्तारानं देते.

आधी योजनेचं. ठाण्याच्या समूह विकासाला राज्य सरकारची मान्यता मिळून बरीच वर्षं झाली. पहिल्या टप्प्यात कोपरी, राबोडी, हाजुरी, टेकडी बंगला, लोकमान्यनगर आणि तुमचं किसननगर असे सहा भाग घेतले. किसननगरचं भूमिपूजन जून २०२३ मध्ये झालं आणि तिथलं काम सिडकोकडे आहे. योजना खरी आहे, मी तिच्या बाजूची आहे. अरुंद गल्ल्या, एकमेकींना चिकटलेल्या इमारती आणि अग्निशमनाची गाडीही वळत नाही अशी वस्ती एकेक इमारत पाडून सुधारत नाही, सगळा भाग एकत्रच उभारावा लागतो. पण म्हणूनच तिला वेळ लागतो. रहिवाशांचं सर्वेक्षण, पात्रता, जमीनमालकांची संमती, संक्रमण घरं, मग टप्प्याटप्प्यानं रिकामी करणं. तुमची इमारत पहिल्या तुकडीत आहे की पाचव्या, हे तुमच्या कमिटीला तरी लेखी माहीत आहे का?

आणि सळई योजनेचं वेळापत्रक वाचत नाही. काँक्रीट ताजं असताना अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरला की हा गुण जातो. ठाण्यात खाडीचा खारा वारा, आणि त्या काळातल्या कित्येक इमारतींत वापरलेली नीट न धुतलेली खाडीची रेती, यामुळे क्लोराइडही आत पोहोचतं. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो काँक्रीटला आतून फाडतो. तुम्हाला दिसणारं पडलेलं प्लास्टर हा त्याचा शेवटचा टप्पा आहे, सुरुवात नव्हे. जिन्याचा बीम म्हणजे आणीबाणीत तुमची बाहेर पडायची वाट. तीच आधी सडत असेल तर ‘पाडणारच आहेत’ या वाक्यावर मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

४ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे नौपाड्यात कृष्णनिवास ही इमारत कोसळली. १२ माणसं गेली. त्याआधी ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्यावर लकी कंपाउंडची बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत पडली, तिथे ७४ गेले. या दोन्ही घटनांची कारणं वेगळी, पण मला कृष्णनिवासची जास्त आठवते. कारण तशा जुन्या इमारतीत मी आजही जाते आणि तिथली कमिटी मला चहा देऊन सांगते, मॅडम, रिपोर्ट जरा सौम्य लिहा, क्लस्टर येतंय. मी तसा लिहीत नाही. असं सांगणाऱ्या एका कमिटीचं काम मी सोडलं आहे.

आता काय करायचं ते. ऑडिटमध्ये इमारत चार गटांत जाते. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे राहत राहत दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ काम. इमारत योजनेत असल्यामुळे ती कुठल्याही गटातून वगळली जात नाही. ऑडिट नुसतं डोळ्यांनी बघून होत नाही. हातोडीच्या उसळीची चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी, सळईच्या गंजाचा अंदाज देणारी अर्ध-घट चाचणी, काँक्रीटचा गाभा कापून दाब तपासणं, यातलं काय केलं हे अहवालात आकड्यांसह असायला हवं. नुसते मोबाइलचे फोटो आणि शेवटी सही असेल तर तो अहवाल परत करा.

दोन बाजूंनी येणाऱ्या माणसांपासून सावध राहा. एक, ‘आमच्याकडून फुकट ऑडिट’ म्हणणारे. पुनर्विकासाची घाई असलेल्याच्या खिशातून आलेला अहवाल मी बहुतेक वेळा सी-१ पाहिला आहे. दुसरे, वॉटरप्रूफिंग आणि रंगकामाचे ठेकेदार. ते गंजलेल्या सळईवर केमिकल फासून, वर प्लास्टर ओढून त्याला ‘स्ट्रक्चरल रिपेअर’ म्हणतात आणि पाच वर्षांची वॉरंटी देतात. गंज न काढता आणि खालचं काँक्रीट न तोडता केलेलं प्लास्टर दुसऱ्या पावसात पडतं, आणि तोपर्यंत तडे झाकलेले असल्यामुळे तुम्ही निर्धास्त राहता. ते मला सगळ्यात धोकादायक वाटतं. दोन अहवाल परस्परविरोधी आले तर महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे प्रकरण न्या, आपसात भांडत बसू नका.

तुमच्यासाठी: टेकूंचं काम याच आठवड्यात, ऑडिट या महिन्यात. क्लस्टरमध्ये जाणाऱ्या इमारतीत दुरुस्ती किती करायची, हे अभियंत्याशी बसून ठरवता येतं. पाच-सात वर्षं सुरक्षित राहण्याइतकी मर्यादित दुरुस्ती शक्य असते. कमिटी ऐकत नसेल तर तुम्ही एकटे प्रभाग समितीच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ऑडिट टाळल्याबद्दल कलम ३९८-अ नुसार २५ हजार रुपये किंवा वार्षिक मालमत्ता कर, यातला जास्त असेल तो दंड आहे. हेही कमिटीला सांगून बघा.

मी पागडीच्या इमारतीत भाडेकरू आहे. सी-१ ची नोटीस आली. बाहेर पडलो की हक्क जातो, असं शेजारी म्हणतात. (नौपाडा)

शेजाऱ्यांचं ऐकू नका, आधी बाहेर पडा. महापालिकेनं धोकादायक म्हणून इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. मात्र बाहेर पडण्याआधी तुमच्या खोलीचं चटई क्षेत्र महापालिकेकडून मोजून लेखी घ्या. भाडेपावत्या, वीजबिलं, करपावती, रेशनकार्ड आणि खोलीचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. मालक रिकाम्या कागदावर सही मागेल, ती देऊ नका. हे सगळं भाडेकरू कायद्याच्या वकिलाला एकदा दाखवा. फी वाचवायची जागा ही नव्हे.

हाजुरीत एक खोली मिळते आहे. एजंट म्हणतो, ‘क्लस्टरमध्ये आहे, तीन वर्षांत फ्लॅट.’ घ्यावी का?

नाही. ठाण्याच्या योजनेत अनधिकृत बांधकामांसाठी ४ मार्च २०१४ ही शेवटची तारीख ठरवलेली आहे आणि पात्रता कागदांवर ठरते, एजंटच्या शब्दावर नाही. नोटरीवर विकलेल्या खोलीत पात्र कोण, याचा वाद घेऊन आलेले किती तरी जण मी बघते. त्यातल्या बहुतेकांनी मुलांच्या शिक्षणाचे किंवा गावच्या जमिनीचे पैसे घातलेले असतात. तरीही मन होत असेल तर आधी महापालिकेच्या समूह विकास कक्षात त्या खोलीची सर्वेक्षणातली नोंद विचारा आणि वकिलाला कागद दाखवा. एजंट कक्षात बरोबर यायला टाळाटाळ करत असेल, तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

आमची झोपडी २००६ ची आहे. पुनर्वसनात घर मिळेल का? (लोकमान्यनगर)

१ जानेवारी २००० पर्यंतच्या पात्र झोपडीधारकाला मोफत, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना अडीच लाख रुपये भरून घर, अशी सध्याची तरतूद आहे. तुमची वस्ती झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत आहे की समूह विकासात, हे आधी तपासा, कारण दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

घोडबंदर रोडला सूर्या धरणाचं पाणी येणार असं सांगून आम्हाला फ्लॅट विकला. अजून टँकरच येतो. कधी येणार? (घोडबंदर)

सूर्या प्रादेशिक योजना रोज ४०३ दशलक्ष लिटरची आहे. त्यातले १८५ वसई-विरारचे आणि २१८ मीरा-भाईंदरचे, ठाण्याचा त्यात वाटा नाही. घोडबंदरच्या नकाशावर मीरा-भाईंदर जवळ दिसतं म्हणून विक्री कार्यालयात हे सर्रास सांगितलं जातं. मला याची चीड येते, कारण घर घेणारा माणूस पाण्याच्या योजनेचा आराखडा तपासत बसणार नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं.

ठाण्याला स्वतःचं धरण नाही. भातसा नदीवरून पिसे-टेमघर मार्गे महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणी वितरण कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी येतं. मुरबाडमधल्या काळू धरणाचं काम २०१२ मध्ये न्यायालयात अडकलं. नवी मुंबईनं खालापूरचं मोरबे धरण घेतलं, त्यामुळे तिकडचं चित्र वेगळं आहे. २०२१ पासूनच्या अमृत २.० सारख्या योजनेतून जलकुंभ आणि नव्या वाहिन्या येतात. त्या हव्यातच, पण वाहिनी म्हणजे पाणी नव्हे. तुमच्या इमारतीचं मंजूर पाणी किती आणि प्रत्यक्ष येतं किती, हे पाणीपुरवठा विभागाकडून माहिती अधिकारात मागा. करारात पाण्याबद्दल काही लिहिलं असेल तर महारेराकडे (बिल्डरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं प्राधिकरण) जाण्याआधी वकिलाशी बोला.

वाशीची आमची जुनी सिडकोची इमारत. सिडको म्हणते महापालिकेकडे जा, महापालिका म्हणते सिडकोकडे. नक्की कोण? (वाशी)

दोघेही. जमीन भाडेपट्ट्यानं देणारी सिडको, त्यामुळे तिची ना-हरकत लागते. बांधकाम परवानगी आणि धोकादायक इमारतीची कारवाई नवी मुंबई महापालिकेची. पुनर्विकास करायचा असेल तर सहकारी संस्थांसाठीचे ४ जुलै २०१९ चे ७९-अ चे निर्देश कमिटीनं आधी मोठ्यानं वाचावेत. एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्के संमतीचं बंधन त्यात आहे. विकासक निवडण्याआधी स्वतःचा प्रकल्प सल्लागार नेमा, विकासकानं आणलेला नको.

नगरसेवक म्हणतात, आमच्या गल्लीचा रस्ता आणि गटार ‘नगरोत्थान’मधून मंजूर आहे. तीन वर्षं झाली. विचारायचं कोणाला? (कळवा)

शहर अभियंत्याला, लेखी. महाराष्ट्र सुवर्णजयंती नगरोत्थान महाअभियान राज्य सरकारनं २०१० मध्ये सुरू केलं. त्यात पैसा फक्त राज्याचा नसतो, महापालिकेला स्वतःचा हिस्सा घालावा लागतो, आणि काम बरेचदा तिथेच अडतं. ‘मंजूर’ हा शब्द तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी आणि कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) या तिन्हींसाठी वापरला जातो. कार्यादेशाचा क्रमांक आणि तारीख मागा. तो नसेल तर काम सुरू होण्याच्या जवळपासही नाही.

नळजोडणीच्या अर्जावर दोन महिने उत्तर नाही. बाहेरचा माणूस पैसे घेऊन काम करून देतो म्हणतो. (दिवा)

त्याला एक रुपयाही देऊ नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. अधिसूचित सेवेची मुदत कार्यालयाच्या फलकावर असायलाच हवी. मुदत उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील करा. अर्जाची पोच नसेल तर आज नवा अर्ज देऊन ती घ्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत लोकशाही दिन असतो, मात्र तिथे निवेदन १५ दिवस आधी द्यावं लागतं.

स्वयंपाकघराच्या स्लॅबचा परातीएवढा तुकडा काल पडला. अभियंता पुढच्या महिन्यात येणार. तोपर्यंत काय करू? (राबोडी)

पुढच्या महिन्यापर्यंत थांबू नका. आज ती खोली बंद करा, सिलिंडर बाहेर काढा आणि मुलांना तिकडे जाऊ देऊ नका. वरच्या घरात गळती असेल तर त्यांचा नळ बंद करायला सांगा, गच्चीवर पाणी साचत असेल तर वाट करून द्या. उरलेलं सैल काँक्रीट स्वतः ठोकून पाडू नका, गवंड्यालाही पाडू देऊ नका. लोखंडी टेकू भाड्यानं मिळतात, पण ते कुठे आणि किती लावायचे हे अभियंत्यानंच सांगावं, कारण चुकीच्या जागचा टेकू खालच्या मजल्याचा स्लॅबही तोडतो. तुमचा अभियंता येत नसेल तर दुसरा बघा. तोपर्यंत महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. रात्री तडकल्याचा आवाज आला, दार चौकटीत अडकायला लागलं किंवा तडा डोळ्यांदेखत रुंदावताना दिसला, तर सामान न घेता सगळ्या मजल्यांची दारं वाजवत खाली उतरा.