आरी लागलेला डोळा आणि चांगल्या डोळ्यावरची पट्टी

प्रश्न : डॉक्टर, आमचं सुभाषनगरला घरातच चपलांचं काम आहे. चार महिन्यांपूर्वी माझ्या पाच वर्षांच्या पोराच्या डोळ्यात चामडं टोचायची आरी घुसली. रात्रीच टाके घातले, नंतर मोतीबिंदू काढून लेन्स बसवली. आता चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावा म्हणतात. सासूबाई म्हणतात, आहे तो डोळापण घालवताय काय? पट्टी लावली की पोरगं रडतंय, भिंत धरून चालतंय. लावू का नको?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, लावा. टाक्यांनी डोळा वाचला, पण नजर अजून यायची आहे. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू बघायला शिकत असतो, आणि एका डोळ्याचं चित्र धूसर आलं की तो त्या डोळ्याकडं लक्ष द्यायचंच सोडतो, मग लेन्स कितीही चांगली असू दे, डोळा आळशी तो आळशीच राहतो. पोरगं भिंत धरून चालतंय म्हणजे अधू डोळ्यानं बघायला धडपडतंय, तेच तर पाहिजे आपल्याला. किती तास ते तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेवढेच, तेवढ्यानं चांगला डोळा जात नाही, फक्त तपासणी चुकवू नका. पट्टी चष्म्यावर नको, थेट कातडीला चिकटवा, नाहीतर पोरं वरच्या फटीतून बघतात. त्या वेळात मणी ओवायला द्या, कार्टून लावा.

टाके केसापेक्षा बारीक नायलॉनचे असतात आणि लहान मुलांत ते लवकर सैल पडतात, त्यामुळं पाणी यायला लागलं, डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी दाखवा. चांगल्या डोळ्यात असं काही दिसलं तर आणखी घाई करा, एका डोळ्याच्या जखमेनं क्वचित दुसराही सुजतो, अगदी काही महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा. अंधांची लिपी काढणारे लुई ब्रेल 1812 साली तीन वर्षांचे असताना वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यात अशाच हत्यारानं जखमी झाले होते, नंतर दुसरा डोळाही गेला. तेव्हा ना टाके होते ना औषधं, आज दोन्ही आहेत, म्हणून घाबरू नका, लक्ष ठेवा.

घरात कारखाना असलेल्या बाकीच्यांनाही सांगते, डोळ्यात असं टोकदार काही घुसलं तर डोळा धुवू नका, चोळू नका, थेंब घालू नका, रुतलेलं उपसू नका. कागदी कप वरून अलगद चिकटवा, दाबू नका, आणि भूल द्यावी लागते म्हणून पोराला पाणीसुद्धा न पाजता तसंच दवाखान्यात घेऊन या.