निळे अ‍ॅडजस्टर बसवले, आता स्प्लिट पिनच जात नाही!

प्रश्न : दादा, माझी निन्जा ३०० बाईक आहे, सेकंडहँड घेतलीय. मागच्या महिन्यात ऑनलाइन निळे सीएनसीवाले (मशीनवर कोरलेले) चेन अ‍ॅडजस्टर, म्हणजे मागचं चाक पुढे-मागे करून चेन ताणायचे ब्लॉक, मागवले, पॅडॉक स्टँडचे बॉबिन (गाडी मागून उचलायच्या स्टँडचे खुंट) त्यातच आहेत म्हणून, आणि घरीच बसवले. दोन्हीकडच्या खुणा अगदी सेम ठेवल्यात. पण मागच्या एक्सलचा (चाकाच्या दांड्याचा) नट फुल टाइट केला तरी स्प्लिट पिनचं (नट सुटू नये म्हणून एक्सलमधून आरपार घालतात ती पिन) भोक काही दिसत नाही आणि कुंभार्ली घाटात चेन कर्रकर्र करते. मित्र म्हणतो नट घट्ट आहे ना, मग पिन कशाला. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : मित्राला चहा पाज आणि त्याचं ऐकू नकोस. पिन बसेपर्यंत गाडी घाटात तर सोडाच, नाक्यापर्यंतही नेऊ नको.

भोक दिसत नाही ना, तर नवीन प्लेटची जाडी बघ आधी. जुनी पत्र्याची, ही बिलेटची (सलग धातूच्या ठोकळ्यातून कोरलेली), दोन्ही बाजूंना दीड-दोन एमएम जरी वाढले तरी नट तेवढा बाहेर राहतो आणि भोक नटाच्या पोटात झाकलं जातं. व्हर्नियरने (जाडी मोजायच्या मापकाने) जुनी-नवी दोन्ही मोज. काही किटमध्ये ओरिजिनल वायसर काढून टाकायचा असतो, सोबतचा कागद फेकला नसशील तर वाच. कागदात तसं नसेल तर मात्र स्वतःच्या डोक्याने वायसर काढू नको, नट अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततो. मग सरळ किट परत कर आणि जुने अ‍ॅडजस्टर लाव, त्यात कमीपणा काही नाही. (तसाही तो निळा रंग दोन उन्हाळ्यांत फिका पडतो.)

आता कर्रकर्र. खुणा सेम आहेत म्हणजे चाक सरळ आहे असं नसतं रे. स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) खाचेत नवीन ब्लॉक जरा सैल बसला की खुणा जुळूनही चाक तिरकं. एक दोरी घे, मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी चिकटवून पुढच्या टायरपर्यंत ताण, हँडल सरळ ठेव. तुझा मागचा टायर १४० चा, पुढचा ११० चा, म्हणजे पुढे दोन्हीकडे साधारण १५ एमएम फट दिसायला पाहिजे, एकीकडे २० आणि दुसरीकडे १० आली तर चोर सापडला. शिवाय मागे उकिडवं बसून स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) दातांकडे बघ, एकाच बाजूने चकाकी आली असेल तर चेन घासतेय.

चेनचा ढिलेपणा, म्हणजे वर-खाली हलणं, २० ते ३० एमएम, साइड स्टँडवर, चेनच्या खालच्या बाजूच्या मधोमध. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोज आणि जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथलं माप धर. आपल्याकडे लोकांना चेन तंतुवाद्यासारखी टाइट आवडते, पण आपण बसलो की सस्पेन्शन दबतं, स्विंगआर्म वर येतो, चेन अजून ताणली जाते आणि तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर.

नट आवळताना अजून एक गोष्ट, जी बरेच जण करत नाहीत. आवळता आवळता एक्सल किंचित मागे सरकतो आणि केलेली सगळी मापं पाण्यात. म्हणून इंजिन बंद ठेवून जुन्या बनियनची घडी चेन आणि मागच्या स्प्रॉकेटमध्ये घाल, चाक हाताने जरासं फिरवून ती घडी दाताखाली अडकव, चेन चाकाला पुढे ओढून धरते, अ‍ॅडजस्टर गच्च टेकतात, मग टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) लाव. बोटं मात्र लांब ठेव, यात बोटं गेलेली माणसं आहेत.

तुमच्याकडच्या पावसात अ‍ॅल्युमिनियममधला स्टीलचा बोल्ट असा धरतो की नंतर पान्याला मोजतच नाही, तेव्हा अ‍ॅडजस्टरच्या बोल्टच्या आट्यांना थोडं अँटी-सीझ (बोल्ट धरू नये म्हणून लावायची पेस्ट) लाव. सगळं झाल्यावर मागचा ब्रेक दोन-चार वेळा दाबून बघ, पेडल भुसभुशीत लागायला नको. आणि भोक थोडक्यासाठी जुळत नसेल तर नट मागे सोडायचा नाही, नटाच्या पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा. पिन नवीनच घाल. जुनी सरळ करून घालशील तर ती पुढच्या खड्ड्यात तुटायची.