सायबर हल्ल्याचे ‘श्रेय’ कोणाला?

प्रश्न: ‘या सायबर हल्ल्याचे श्रेय एका राज्यप्रायोजित हॅकर गटाला देण्यात आले आहे’ अशी वाक्ये भाषांतरित बातम्यांत दिसतात. ‘अ‍ॅट्रिब्यूशन’साठी, म्हणजे हल्ला कोणी केला हे ठरवण्यासाठी, ‘श्रेय’ चालेल का? आणि ‘राज्यप्रायोजित’ योग्य आहे का?

‘श्रेय’ नको. मराठीत श्रेय चांगल्या कामाचे असते. वाईट कामाचे दिले तर तो टोमणा होतो. ‘कर्तृत्व’ही त्याच कारणाने बाद. ‘उगम’ किंवा ‘मूळ’ म्हणावे, तर हल्ला ज्या सर्व्हरवरून आला तो बहुधा तिसऱ्याच देशातला, भाड्याने घेतलेला किंवा आधीच फोडलेला असतो. उगम सापडला म्हणून करणारा सापडला असे होत नाही. प्रक्रियेला नाव हवे असेल तर ‘कर्तानिश्चिती’ बरा शब्द आहे. बातमीत मात्र नामापेक्षा क्रियापदाने काम भागवावे, कारण हे काम एका झटक्यात होत नाही आणि प्रत्येक पायरीचे क्रियापद वेगळे आहे.

पहिल्या पायरीवर विश्लेषकांच्या हाती फक्त साम्य असते: तोच कोड, तेच डोमेन, फाइल तयार झाल्याच्या वेळा, कीबोर्डची भाषा. इथे ‘खुणा जुळतात’ एवढेच लिहावे. मँडियंट ही सायबर सुरक्षा कंपनी सारख्या खुणांच्या अशा अनिश्चित पुंजक्याला ‘यूएनसी’ (वर्गीकरण न झालेला) आणि आकडा एवढेच नाव देते. पुरावा साचला तरच त्याचा ‘एपीटी’ (चिकाटीने घुसखोरी करणारा प्रगत गट) होऊ शकतो. तिथे ‘हे काम अमुक गटाचे असल्याचा निष्कर्ष कंपनीने काढला’ असे म्हणता येते. त्या गटामागे अमुक देशाची अमुक संस्था आहे, हे सांगणे ही तिसरी पायरी. ते सरकारने सांगितले तर ‘ठपका ठेवला’, खटला भरला तर ‘आरोपपत्र दाखल केले’.

एपीटी१ हे याचे ठसठशीत उदाहरण. मँडियंटने फेब्रुवारी २०१३ च्या अहवालात त्या गटाचे धागे शांघायमधल्या चिनी लष्कराच्या ६१३९८ क्रमांकाच्या तुकडीपर्यंत नेले. गटाची माणसे आपल्या यंत्रणेला जोडली गेल्याच्या १,९०५ नोंदींपैकी ९७ टक्क्यांहून अधिक वेळा आयपी पत्ता शांघायचा आणि संगणकाची भाषा सोपी चिनी होती. हा झाला कंपनीचा निष्कर्ष. अमेरिकेने त्या तुकडीच्या पाच अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले ते मे २०१४ मध्ये. दोन्हींना एकच क्रियापद लावले तर हा फरक वाचकाच्या हाती लागतच नाही.

‘जबाबदारी स्वीकारली’ हे आणखी वेगळे, कारण ते हल्लेखोर स्वतः करतो आणि खोटेही बोलतो. एप्रिल २०१५ मध्ये टीव्ही५मोंद या फ्रेंच वाहिनीचे प्रक्षेपण बंद पडले तेव्हा ‘सायबर कॅलिफेट’ नावाने जिहादी घोषणा झळकल्या. त्याच वर्षी संशयाची सुई रशियाच्या एपीटी२८ कडे वळली. फ्रान्स सरकारने अधिकृत ठपका ठेवायला एप्रिल २०२५ उजाडले. स्वीकारली, संशय, ठपका: तिन्ही शब्द आपापल्या जागी नेमके बसतात.

‘खुणा जुळतात’ इथेच का थांबावे, हे २०१८ च्या प्यॉंगचांग हिवाळी ऑलिंपिकवेळी दिसले. उद्घाटनाच्या वेळी यंत्रणा पाडणाऱ्या ‘ऑलिंपिक डिस्ट्रॉयर’मधले रिच हेडर उत्तर कोरियाच्या लाझारस गटाच्या जुन्या मालवेअरशी तंतोतंत जुळत होते. (फाइल कोणत्या बिल्ड साधनांनी बनवली याची ही दडलेली नोंद.) कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ती आतल्या कोडशी ताडून पाहिली, तर नोंद व्हिज्युअल स्टुडिओ या बिल्ड साधनाच्या जुन्या आवृत्तीची आणि कोड नव्या आवृत्तीचा निघाला. हेडर मुद्दाम चिकटवलेले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने आरोप ठेवले ते रशियाच्या जीआरयू या लष्करी गुप्तचर संस्थेच्या ७४४५५ क्रमांकाच्या तुकडीतल्या सहा जणांवर.

अशा अहवालांतल्या ‘हाय कॉन्फिडन्स’चे ‘मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले’ असे भाषांतर दिसते. ते साफ चूक. इथे सांगणाऱ्याचा ताठा मोजलेला नसून पुराव्याचा दर्जा सांगितलेला असतो. ‘दाट खात्री’, ‘मध्यम खात्री’ म्हणावे. रशियाने २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत ट्रम्प यांना जिंकून देण्यासाठी हातभार लावण्याचा प्रयत्न केला, या निष्कर्षावर जानेवारी २०१७ च्या अमेरिकी गुप्तचर अहवालात सीआयए आणि एफबीआयची खात्री दाट होती, एनएसए या संदेशटेहळणी करणाऱ्या संस्थेची मध्यम. ही छटा भाषांतरात गळाली तर तिघांचे एकमत अगदी सारखे वाटते.

आता ‘राज्यप्रायोजित’. ‘राज्य’ म्हटले की मराठी वाचकाला आधी घटकराज्य आठवते, आणि ‘प्रायोजित’ म्हटले की जाहिरातदार. ‘पाकपुरस्कृत दहशतवाद’ आपल्याकडे रुळलेलाच आहे. त्याच चालीवर ‘सरकारपुरस्कृत’, किंवा देश ठाऊक असेल तर ‘चीनपुरस्कृत’, ‘इराणपुरस्कृत’ लिहावे. पण पुरस्कृत म्हणजे पाठबळ दिलेला, बाहेरचा. ६१३९८ चे अधिकारी सरकारी पगारावरचे गणवेशधारी. त्यांना ‘पुरस्कृत’ म्हणणे म्हणजे पोलिसाला पोलिसांचा खबऱ्या म्हणण्यासारखे. तिथे सरळ ‘लष्करी तुकडी’ लिहावे. एपीटी४० या चिनी गटाचे हैनान प्रांतातले काम मात्र, अमेरिकेच्या २०२१ मधल्या आरोपपत्रानुसार, गुप्तचर खात्याने दिखाऊ कंपनी उघडून करवून घेतले. ‘पुरस्कृत’ तिथे शोभतो.

गटांची नावे भाषांतरित करू नयेत. ‘फॅन्सी बेअर’चे ‘नखरेल अस्वल’ केले तर शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही. ‘बेअर’ म्हणजे रशिया, ‘पांडा’ म्हणजे चीन ही क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीची पद्धत. मायक्रोसॉफ्ट २०२३ पासून रशियाला ‘ब्लिझार्ड’, चीनला ‘टायफून’ म्हणते. एपीटी२८, फॅन्सी बेअर आणि फॉरेस्ट ब्लिझार्ड ही साधारण एकाच गटाची नावे, पण प्रत्येक कंपनी आपल्याला दिसलेल्या पुराव्यावरून सीमा आखते, त्यामुळे ती तंतोतंत समानार्थी नाहीत. ज्या कंपनीचा अहवाल, तिचेच नाव आधी द्यावे; दुसरे द्यायचेच तर ‘या नावानेही ओळखला जाणारा’ असे जोडून.